भावसिंग नाईकांची गोळी आणि उपाशी न्याय

बंजारा तांड्याचे प्रमुख भावसिंग नाईक दारव्ह्याच्या बाजाराला निघाले की त्यांच्या धमणीचे, म्हणजे हलक्या बैलगाडीचे, बैलसुद्धा एकमेकांकडे पाहत, असा त्यांचा देह. अशा माणसाला साखरेचा आजार झाला, तोही एकसष्ट साली, जेव्हा तांड्यात चहात साखर पडायची ती पाहुणा आला तरच. "आमच्या डब्यात साखर नाही अन् नाईकाच्या लघवीत हाय!" असं एक म्हातारी म्हणाली, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसले ते नाईकच.

यवतमाळच्या डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात उकळली, ती विटेसारखी लाल झाली. मग त्यांनी नव्या निघालेल्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. "ही गोळी पोटातल्या एका ग्रंथीला कामाला लावते. ग्रंथी रस सोडते, रस रक्तातली साखर उतरवतो. पण तुम्ही जेवलात की नाही, हे गोळीला काय कळणार? तिचं काम ती करतेच. म्हणून गोळी घेतली की जेवायचं. घाम फुटला, हात कापले, तर गूळ खायचा." नाईकांनी गंभीरपणे मान हलवली. ऐकलं मात्र सोबत आलेल्या सुखीबाईनं, त्यांच्या बायकोनं.

आता या तांड्याची एक रीत होती. पंचायत बसली की निकाल लागेपर्यंत नाईकानं अन्नाला शिवायचं नाही. भरल्या पोटी झोप येते, उपाशी माणूस जागा राहतो, असं नाईकांचे आजोबा म्हणत.

त्या दिवशी पंचायत रुपीबाईसाठी बसली होती. तांड्याची लेक, पुसदकडे दिलेली. नवरा मारतो म्हणून माहेरी पळून आली होती आणि सासरा लालसिंग तिला न्यायला आला होता. नाईकांनी सकाळी गोळी घेतली. गोळी म्हणजे काही अन्न नव्हे, तेव्हा रीतही मोडली नाही! मग ते रिकाम्या पोटी लिंबाखाली जाऊन बसले.

लालसिंग बोलायला लागला तो थांबेचना. उन्हं चढली. नाईकांना दरदरून घाम सुटला, बोटं थरथरू लागली. रुपीबाईनं तोंड उघडलं तर तिचा आवाज त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखा घुसला. ते ओरडले, "बस्स! पोरगी सासरी जाईन! आत्ताच्या आत्ता!" आणि बसल्या जागी कलंडले.

सुखीबाई धावली. घरातला गूळ तिनंच नाईकांपासून लपवला होता, त्याचाच खडा आणून त्यांच्या तोंडात कोंबला. थोड्या वेळानं नाईकांची नजर ठिकाणावर आली. तोवर लालसिंगनं गाडी जुंपली होती आणि रुपीबाई चाकाला धरून रडत होती.

"काहून रडते थे?" नाईकांनी विचारलं.

"तुमीच त धाडून राह्यले तिले," सुखीबाई म्हणाली.

नाईकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले. "गाडी सोड, लालसिंग. अगुदर समदे जेवा. मंग पुन्ना बसू."

"नाईकाचा शब्द फिरत नाही!"

"आज फिरला. भाकर खा."

सगळे जेवले, नाईकही जेवले. मग रुपीबाई बोलली आणि या खेपेला तिला कोणी तोडलं नाही. पाठीवरचे वळ सुखीबाईनं पाहून सांगितले. लालसिंगचाही ताठा भाकरीबरोबर उतरला असावा. पोरगा हाताबाहेर गेला, हे त्यानं खाली मान घालून कबूल केलं. रुपीबाई तांड्यातच राहिली.

तांड्याला मात्र हसायला नवं निमित्त मिळालं. निकाल गोळीनं दिला म्हणे! सुखीबाईही हसत म्हणाली, "गोळीचीच चूक. तुमची कायची?"

नाईक हसले नाहीत. "गोळी आता आली, सुखे. उपाशी त मी जवानीपासून बसून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोटभर जेवले, गोळी घेतली आणि धमणी जुंपली.

"कुठी निंगाले?"

"केळापूरकडं. रुखमाबाईले अशाच उपाशी पंचायतीत मीच परत सासरी धाडलं होतं, पाय धरत होती तरी. जिती हाये का नाही, थे त पाहून येतो."