माजी पंचाची बायको

सोलापुरात खरा प्रामाणिक माणूस एकच आहे आणि त्यानं आमच्या आख्ख्या गल्लीचं जगणं हराम केलं आहे, हे मी कुठल्याही चौकात माइकवरून सांगायला तयार आहे. तो माणूस म्हणजे समोरचे टॉवेलवाले काका. ऐन उन्हाळ्यात अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलची वार्षिक बक्षिसं जाहीर होतात: मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू, बाकावरून उठून सामना फिरवणारा, सर्वाधिक सुधारणा झालेला. ती तिथले पत्रकार मतं देऊन ठरवतात आणि काकांना त्यातलं एकही पटत नाही. मोसमभर पहाटे उठून सामने बघितलेले असतात ना! टॉवेल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी हा अन्याय समजावतात, मग टॉवेल दाखवतात. शेवटी "निदान हितं तरी न्याय होऊ द्या," म्हणून तीच बक्षिसं स्वतः गल्लीत वाटतात. एक टॉवेल आणि काकूंनी कुटलेल्या शेंगाचटणीची बरणी.

आता न्याय म्हणजे कसा, तर वॉर्डातल्या एका साहेबांना सर्वोत्तम बचावपटू केलं, "कारण यांना चुकवून आजवर एक अर्ज पुढं गेलेला न्हाय." साहेबांनी खुशीत फोटो काढून घेतला! पण सगळी गल्ली घाबरते ती सर्वाधिक सुधारणेच्या बक्षिसाला. ते कोपऱ्यावरच्या न्हाव्याला मिळालं, तेव्हा त्यानं वस्तरा हातात धरूनच विचारलं, "म्हंजे आदी मी वाईट करत हुतो व्हय?" फेस लावलेल्या गालांनी काका म्हणाले, "व्हय की. लई वाईट."

आणि या न्यायाच्या राज्यात काकूंना मात्र एकही बक्षीस नाही. का? "पंचाच्या घरात बक्षीस म्हंजे भ्रष्टाचार!" वशिलेबाजीविरुद्ध मी स्वतः पत्रकं काढली आहेत, तरी हे मला सहन होईना. गेल्या वर्षी काकूंनी मुसळच खाली ठेवलं. "यंदा माझं नाव घ्या, न्हायतर रिकाम्या बरण्या वाटा." मी ताबडतोब पत्रक छापलं, 'चटणी कुटणाऱ्या हातांना न्याय मिळालाच पाहिजे!', आणि काकांच्याच दुकानात त्यांच्याच गिऱ्हाइकांना वाटलं. काकांनी ते नीट वाचलं. म्हणाले, "मागणी रास्त हाय. पण नियम बी रास्त हाय." नंतर कितीतरी दिवस ते गिऱ्हाइकांशी फक्त टॉवेलांबद्दल बोलत होते. काहीतरी बिघडलंय, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

बक्षिसांच्या संध्याकाळी गल्ली जमली. काका उठले, "आजपास्नं मी पंच न्हाय," म्हणाले आणि मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. "पंचाच्या बायकोला चालत न्हाय. माजी पंचाच्या बायकोला चालतं की." मी मोसमाच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस काकूंना जाहीर केलं. काकूंनी टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेतला, गल्लीनं टाळ्या पिटल्या, सगळ्यात जोरात काकांनी.

मला वाटलं, वर्षभरानं खुर्ची परत घेतील. विचारलं तर काका म्हणाले, "मग ते नाटक झालं की." यंदा बक्षिसं मी ठरवते आहे. पत्रकात मी कुणाला सोडत नाही, पण न्हाव्याचं तोंड समोर आलं की माझी जीभ जड होते. म्हणून परवा काकांकडे गेले. ते पायरीवर बसून फोनवर त्या अमेरिकेच्या बक्षिसांची बातमी वाचत होते. म्हटलं, "काका, हळूच सांगा, यंदा सुधारणेचं कुणाला देऊ?" त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं नाव मला स्पष्ट दिसलं. ते त्यांनी गिळलं आणि नकारार्थी मान हलवली.

आतून काकू म्हणाल्या, "ओ, सांगा की एकदाचं. मला बघवंना तुमचं हे गप बसणं."