तांदूळ कशावर दळला

नाताळच्या सुट्टीत मुलगी आणि सहा वर्षांची नात पुण्याहून आमच्याकडे घणसोलीला येणार होत्या. नातीला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. चिमूटभर जरी पोटात गेला तरी पोरगी पोट धरून लोळते. दूधही सोसत नाही, आणि अंडं आमच्या घरात येत नाही. वर्षअखेरीला सोसायटीच्या हॉलमध्ये सगळी पोरं केकवर तुटून पडतात, तेव्हा या बाईसाहेब डब्यातले कुरमुरे खात कोपऱ्यात बसतात. गेल्या वर्षी ते पाहिलं आणि ठरवून टाकलं, पुढच्या वेळी अख्ख्या हॉलला पुरेल असा केक मी करणार आणि ही त्यातलाच खाणार.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात जन्मभर रंग तपासले. स्वयंपाकघरात माझी मजल चहापर्यंत. पण एखादी गोष्ट अशीच का होते, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. केक फुगतो कशाने? गहू काढला तर त्याला धरून कोण ठेवणार? दिवाळी संपताच ओव्हन आणला आणि कामाला लागलो.

तांदळाचं पीठ, कुस्करलेली वेलची केळी, नारळाचं दूध, गूळ, थोडं शेंगदाण्याचं तेल, सोडा आणि लिंबू. पहिला केक मधोमध बसला. दुसरा असा झाला की बायकोने शांतपणे विचारलं, हा बाल्कनीच्या दाराला लावून ठेवू का, वाऱ्याने आपटतं ते. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्याचा सुरी लावताच भुगा झाला, तेव्हा मात्र तिलाच माझी दया आली. ती मूळची मालवणकडची. म्हणाली, मोदकाची पारी कधी फुटते का? आधी उकड काढा की.

अरेच्चा! मूठभर पीठ नारळाच्या दुधात शिजवून उकड काढली, मळून बाकीच्या पिठात मिसळली, आणि चौथा केक असा झाला की मी उभ्या उभ्या तीन तुकडे खाल्ले. गव्हाचं काम उकडीने केलं होतं. मला इतका आनंद निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता.

मायलेकी यायच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, बाजारात खास तिच्यासारख्यांसाठीचं पाकीटबंद पीठ मिळतं, महाग असलं तरी तेच आणा. मी कसला ऐकतोय? ताज्या पिठाची सर पाकिटाला येणार नाही, असं व्याख्यान देऊन मी गावातल्या गिरणीत तांदूळ दळून आणला.

नात आली, चार वाजता तिने पहिला तुकडा खाल्ला. संध्याकाळी दुसरा खाल्ला. मी भावाला, व्याह्यांना फोन करकरून सांगत होतो. जेवणाच्या वेळेपर्यंत पोरीला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून ती आईच्या मांडीवर पडली. मुलगी रडकुंडीला आली, म्हणाली, वाटेत थांबलो तेव्हा हिने चिप्स मागितले, मी पाकिटावरचं नीट वाचलं नाही, माझंच चुकलं. मी काहीच बोललो नाही. माझ्या केकमध्ये गहू नव्हताच, मग मी कशाला बोलू?

पण मनात भुंगा लागला. सकाळी गिरणीत जाऊन बाकड्यावर बसलो आणि नुसता बघत राहिलो. एक बाई गव्हाचा डबा घेऊन आली आणि आधी विचारलं, बाजरीवर नाही ना टाकणार? हा प्रश्न आम्ही सगळेच विचारतो, पोळी काळी पडते म्हणून. तिच्यामागून एकाने तांदूळ आणला. त्याने काही विचारलं नाही. गिरणीवाल्याने गव्हाचं पीठ काढलं, कापडी नळीला दोन थापा मारल्या आणि त्याच चक्कीत तांदूळ ओतला. पांढऱ्यावर पांढरं. कुणाला काय कळणार!

मी विचारलं, परवा माझा तांदूळही असाच दळला का? तो म्हणाला, "काका, सकालपासून गहूच चालला व्हता. त्याच्यावरच परला." त्याची काही चूक नव्हती. कशावर दळताय, हे विचारायला माझी जीभ काय झिजणार होती?

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं. चिप्सचा काही संबंध नाही, माझ्यामुळे झालं, आणि काल तू रडत होतीस तेव्हा मी गप्प बसलो, हेही सांगितलं. ती चिडली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही आणि ते बरोबरच होतं.

मग नवीन चाळण, मिक्सरचं नवं भांडं, केकचा नवा डबा आणला. तांदूळ धुऊन कोऱ्या कापडावर वाळवला, घरातच दळला. मुलगी शेजारी उभी राहून एकेक वस्तू तपासत होती. केक हॉलमध्ये नेला तेव्हा नात बरी होऊन हिंडत होती, पण तुकडा हातात घेऊन थांबली. मी तिच्यासमोर खाली बसलो. मागच्या केकमध्ये गिरणीतला गहू गेला होता, मी विचारायला विसरलो होतो, असं तिला सांगितलं.

ती म्हणाली, "मला माहीत होतं. दुसरा तुकडा खाताना पोट दुखतच होतं."

"मग खाल्लास कशाला गं?"

"तू किती खूश होतास, आबा."

तिला म्हटलं, आज जरा जरी दुखलं तर लगेच सांगायचं, मी खूश असलो तरी सांगायचं. तिने मान डोलावली आणि पोरांच्या रांगेत जाऊन बसली. सगळ्यांसारखाच तुकडा, सगळ्यांसारखीच प्लेट. तिथून ती दोनदा ओरडून म्हणाली, मस्त झालाय. मला ते खरं वाटायला दुसरा दिवस उजाडावा लागला.