बेअरिंग निघाली तेव्हा हात कुठे होता?

जुनी बेअरिंग काढली की भंगारात जाते. ती काढताना उडालेली घाबरगुंडी मात्र कुठलाच भंगारवाला घेत नाही! मग ती आपल्यापाशीच साठत जाते.

आम्ही तिघं जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला. नाना आमचे उस्ताद, मूळचे पारोळ्याकडचे, बोलणं अहिराणी. कैलास वेल्डर. आणि मी फिटर, तिघांत सगळ्यात भित्रा. दालमिल असो, तेलगिरणी असो की कापसाचं जिनिंग, जुनं मशीन घरघरायला लागलं की आम्हाला बोलावणं येतं.

या धंद्यात म्हातारे झालेल्यांचे हात नीट बघा, एखादं बोट कमी असतंच. नानांची सगळी शाबूत आहेत. माझीही आहेत, आणि ती तशीच राहावीत एवढंच माझं मागणं.

*

बेअरिंग गेली की नाही ते आम्ही कानाने ओळखतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. चांगली बेअरिंग गुणगुणते, गेलेली खडखडते.

धुळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये मी असाच कान लावून वाकलो होतो. शेजारी पट्टा फटाफट पळत होता. शर्टाचं टोक जरी अडकलं असतं तरी मी आत! तेवढ्यात जोरदार खडखड ऐकू आली.

"नाना, पार गेली! मशीन बंद करा!"

मशीन बंद झालं. खडखड बंद झाली नाही!

नानांनी जवळ येऊन माझं तोंड निरखून पाहिलं. "भो, बेअरिंग चांगली शे. तुना दात वाजी राह्यनात!"

*

शाफ्टवर, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यावर, घट्ट बसलेली बेअरिंग काढायला पुलर लावतात. तीन नख्यांनी बेअरिंग धरायची आणि मधला बोल्ट आवळत जायचं. आवळताना पुलर कुरकुरतो. खरी भीती तो कुरकुरायचा थांबतो तेव्हा वाटते, कारण आता बेअरिंग तरी सुटणार नाहीतर पुलर तरी. म्हणून त्याच्या समोर कुणी उभं राहायचं नाही.

एका तेलगिरणीचे शेठ नेमके समोर उभे. "घाई करा ना, माल पडलाय! एवढं काय घाबरता?"

कैलासने आवळलं. पुलर गप्प झाला. आम्ही सगळे बाजूला सरकलो.

धाड!

बेअरिंग सुटून जागच्या जागी खाली पडली. कुणाला काही लागलं नाही. पण शेठ दिसेनात! शोधत अंगणात गेलो, तर ते गाडीत काचा वर करून बसलेले. बोटभर काच खाली करून म्हणाले, "झालं का? मी फोनवर होतो."

*

बेअरिंगवर सरळ हातोडा मारायचा नसतो. पोलाद कडक असतं, त्याची चिप उडते. कैलासला हे माहीत होतं, पण एकदा चिडला आणि घातला घाव. माझ्या कानाजवळून काहीतरी शिट्टी मारत गेलं. मागच्या लाकडी दारात तुकडा रुतून बसला होता, बरोबर माझ्या डोळ्याच्या उंचीवर.

तेव्हापासून मी घरी नारळ फोडतानाही गॉगल लावतो. बायको हसते. हसू दे!

*

नवी बेअरिंग तेलात तापवून बसवतात. गरम झाली की फुगते, शाफ्टवर सरकते आणि थंड होताच आवळून धरते. मधेच अडकली तर संपलं. पिंपळनेरच्या एका गिरणीत आमच्याकडे तेलाचं भांडं नव्हतं, म्हणून गिरणीवाल्या अक्कांची कढई मागून आणली. तेल धुरायला लागलं. आम्ही घामाघूम. नानांनी आकड्याने बेअरिंग उचलली, शाफ्टवर ढकलली आणि ती शेवटपर्यंत जाऊन बसली!

आम्ही टाळ्या वाजवल्या. अक्कांनी चहा दिला. तेवढ्यात नाना म्हणाले, "झाकण कोठे शे?"

बेअरिंगच्या आधी शाफ्टवर चढवायचं असतं ते झाकण. आता बेअरिंग पुन्हा काढल्याशिवाय ते चढणार नव्हतं. आम्ही सगळीकडे शोधलं. कैलास काही जागचा उठेना. झाकण पालथं घालून तो त्यावरच बसला होता!

नाना चिडले तर काय, या भीतीने तो गडी चहाचा रिकामा कप तोंडाला लावून बसून राहिला.

*

आणि ही जळगावातल्या दालमिलची गोष्ट. तिथे तूर वर नेणारा एलिव्हेटर असतो. उंच पत्र्याच्या नळकांड्यात पट्टा, पट्ट्याला डबे. वरच्या पुलीची बेअरिंग जॅम झाली आणि पट्टा मधेच थांबला. नाना आणि मी शिडीने वरच्या माचीवर चढलो.

आमच्यात एक नियम आहे. ज्याचा हात मशीनमध्ये, फ्यूज त्याच्याच खिशात. म्हणजे खालून कुणी चुकूनही बटण दाबू शकत नाही.

नानांनी पट्टा आणि पुलीच्या मधे हात घातला. मी म्हणालो, "नाना, जरा थांबा."

"फ्यूज मना खिशामा शे. तू त बठ्ठासले घाबरस!"

सगळ्यालाच घाबरतो मी, खरं. पण मला डबे दिसत होते. एका बाजूचे तुरीने भरलेले, दुसऱ्या बाजूचे रिकामे. एवढं वजन त्या जॅम बेअरिंगनेच धरून ठेवलं होतं आणि नाना तीच मोकळी करत होते.

"नाना, हात काढा!"

बेअरिंग कटकन सुटली. पुली उलटी फिरली. मी नानांच्या कोपराला दोन्ही हातांनी धरून स्वतःला मागे झोकून दिलं. पट्टा धडधडत खाली गेला, तूर पावसासारखी कोसळली, खाली माणसं ओरडत पळाली.

मग सगळं शांत झालं. नानांचा हातमोजा पुलीत चिंधी होऊन गुंडाळला होता. हात बाहेर होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि एकेक बोट हलवून पाहिलं.

आता काहीतरी चेष्टा करतील म्हणून मी वाट पाहत होतो. ते शिडीकडे वळले, खाली बघितलं आणि तिथेच बसले.

"मना पाय हाली नही राह्यनात रे," ते हळूच म्हणाले. "माले धर. आनि कैलासले सांगू नको."