अठ्ठावन नंबरचा झेंडा

वांडा प्रुसाकनं सव्वीस वर्षं अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमच्या पार्किंगात एकच रीत पाळली. मॅचच्या रविवारी सकाळी निळी व्हॅन लावायची, शेगडी पेटवायची, सॉसेज टाकायचे आणि व्हॅनच्या पाठीला बांधलेल्या खांबावर झेंडा चढवायचा. झेंडा चढल्याबिगर आमच्या रांगेत कुणी बिअरचा डबा फोडत नसे. नवरा जिवंत होता तवर चढवायचा मान त्याचा. तो गेला, मान वांडाकडं आला. एरवी ती शाळेच्या भटारखान्यात पोरांचं जेवण रांधायची.

तीन वर्षं झेंडा एकाच गड्याचा. कोल ब्रॅनिगर, आमच्या संघाचा नंबर अठ्ठावन. समोरच्याला असा आडवा करायचा की वरच्या रांगेत बसलेल्याच्या दाढा दुखाव्यात. झेंडा वांडानं स्वतः शिवलेला.

मार्चमध्ये बातमी फुटली. ब्रॅनिगरनं पेट्रोल पंपावर आपल्या मैत्रिणीचा जबडा मोडला. पोरगी रोझान टिबोरची लेक, आणि रोझान वांडाच्या शेजारच्या चुलीवर सोळा वर्षं रांधत होती. वांडानं काय करावं? भर भटारखान्यात तिच्यावर हातातला वाढायचा डाव उगारला. "तुझ्या पोरीला पैसा दिसला असंल! आमच्या गड्याचं वाटोळं करायला निघालीय!"

रोझाननं ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि गेली ती गेलीच.

आठ दिवसांनी पंपावरचा व्हिडिओ आला. पोरगी हात जोडत होती, तरी ब्रॅनिगर हाणत होता. वांडा दोनदा रोझानच्या दारात गेली. दार उघडलं नाही.

संघानं ब्रॅनिगरला सहा मॅच घरी बसवलं आणि सातव्याला वाजतगाजत परत आणलं.

त्या रविवारी झेंड्याचा खांब मोकळाच. स्टॅश खाटीक ओरडला, "वांडे, झेंडा कुठाय? घशाला कोरड पडली!"

"गाडीत हाय."

"मग चढव की! अठ्ठावन परत आलाय."

"न्हाई चढवणार."

"अगं, शिक्षा भोगली त्यानं. घरातलं घरात, मैदानातलं मैदानात."

"जबडा पंपावर मोडला. तो कशात धरायचा रं?"

दोघंतिघं हसले. पेग म्हणून एक बाई होती, ती फिस्कारली, "आता साळसूद झाली! पोरगी पैशावर टपलीय, हे कोण बोललं व्हतं?"

"मीच बोलले. माझंच थोबाड सडलं व्हतं. म्हणून तुमचंबी सडू द्यायचं व्हय?"

स्टॅशनं तवर व्हॅनमधनं झेंडा ओढून काढला आणि खांबाला हात घातला. वांडानं त्याच्या मनगटावर सॉसेजचा चिमटा हाणला. तापलेला होता.

"खांब माझा, गाडी माझी. निघाले मी."

सगळी रांग खदखदली. कारण तिथं गाड्या मागंपुढं अशा खेटून लागतात की मॅच सुटल्याबिगर कुणी निघत नाही. तिला वाट द्यायला एकोणीस गाड्या हलवाव्या लागणार होत्या.

वांडा आत बसली. भोंग्यावर हात ठेवला, तो उचललाच नाही. पहिली दहा मिनिटं शिव्या झाल्या. कुणी काचेवर डबा फेकला. "म्हातारी पिसाळली!" पण भोंगा काही थांबेना. शेवटी एकानं तंबू मोडला, दुसऱ्यानं पेटती शेगडी फरपटत बाजूला नेली, पिरोगींचं, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांचं, पातेलं डांबरावर उलटं झालं. माझी गाडी बारावी. मीही शिव्या देतच हलवली.

शेवटी राहिला स्टॅशचा ट्रक. मनगटाला बर्फ लावून तो तिच्या खिडकीशी आला.

"पुढच्या रविवारी तुझी जागा राहणार न्हाई, सांगून ठेवतो."

"नको राहू दे. त्या भडव्याच्या नावानं तीन वर्षं बोंबलले, तेवढं बास झालं."

स्टॅशनं ट्रक हलवला. वांडाची निळी व्हॅन फाटकातनं बाहेर पडली. पाच मिनिटांत तिच्या जागेवर दुसऱ्याची गाडी लागली.