एक पान कमी

“एक पान कमी आहे.”

अगदी माझ्या मागे कुणीतरी म्हणालं. पुरुषाचा आवाज, शांत. भर दुपारी चाकणजवळच्या मोकळ्या प्लॉटवर मी उभी होते, हातात साइट रिपोर्टची प्रिंट. वळले तर कोणी नाही... फक्त गवत, आणि लांब बांधावर शेळ्या राखणाऱ्या हिराआजी.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ म्हणवत नाही.

मी सर्व्हेच्या कामात आहे. पानं मोजली — अकरा. खरं तर मी बारा केली होती. काढलेल्या पानावर गवतात सापडलेल्या सपाट दगडांच्या ओळीचा फोटो होता. “कशाला उगाच? प्लॉट अडकेल,” म्हणत ऑफिसातल्या सरांनी ते काढलं, आणि मी नेहमीसारखी गप्प बसले. आम्हा दोघांशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं.

बांधापाशी जाऊन मी विचारलं, “आजी, आत्ता कोण बोललं?”

“काय म्हनलं?”

मी सांगितलं. त्या जरा थांबल्या.

“हितं कुटंतरी गोसाव्यांचा मठ व्हता म्हनत्यात. जागा कुनालाच घावली न्हाई. पंगत बसली की वाढपी पानं मोजायचा. वाटसरूचं एक जास्तीचं मांडल्याबिगर कुनी घास घ्यायचं न्हाई.”

“पण पान म्हणजे... रिपोर्टचं ना?”

“आगं, जेवायचं पान! पत्रावळ! विंग्रजी शाळंत काय वहीवर जेवता व्हय?”

मला हसू आलं. मग आजींनी विचारलं, “तू कुटं हुबी व्हतीस?”

मी त्या दगडांच्या ओळीकडे बोट दाखवलं. जवळ जाऊन मोजले. अकरा, सारख्या अंतरावर, पंगतीसारखे. बाराव्या जागी दगड नव्हता, माझ्या बुटांनी दबलेलं गवत होतं.

“सही झाली की मशीन फिरंल ना गं?” आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पिंपरीच्या ऑफिसात मीटिंग. क्लायंटने विचारलं, “रिपोर्ट कम्प्लीट?”

“एकदम,” सर म्हणाले आणि सहीसाठी पेन माझ्यापुढे सरकवलं.

ऊन लागलं असेल, भास असेल — सगळं स्वतःला सांगून झालंय. पण पानांचा हिशोब त्या आवाजाला कसा कळला, ते अजून कळलेलं नाही. मीटिंगमध्ये पेन पुढे आलं त्या क्षणी माझ्या पाठीमागे फक्त भिंत होती. तरी कुणीतरी वाढायचं थांबवून उभं आहे असं वाटत होतं... माझ्यासाठी.

मी पेन खाली ठेवलं.

“सर, एक पान कमी आहे.”