घोडी जमुनाची, स्वार गावाचे

चांदूर रेल्वेपासून दोन कोसांवरच्या त्या गावात कोणालाही विचारावं, ही पांढरी घोडी कोणाची? एका सुरात उत्तर यायचं, "जमुनाची हो!" आणि विचारणारा पाठ फिरवतो न फिरवतो तोच उत्तर देणारा त्याच घोडीवर टांग टाकून बाजाराला निघालेला असायचा.

घोडी खरोखरच जमुनाची होती. तिचे मामा नत्थुजी अकोल्यात टांगा हाकत. लहानपणी जमुना मोठ्या दुखण्यातून उठली, तेव्हा मामांनी ती पांढरी घोडी अंगणात आणून बांधली आणि चारचौघांत ठणकावून सांगितलं, "हे घोडी माह्या भाचीची. दाजीची नाई, बैनीची नाई, पोट्टीची!" रंगावरून तिचं नाव पडलं कपाशी. पुढे तिला काळपट रंगाची पोर झाली. कपाशीतून निघाली, म्हणून ती सरकी; तीही आता पाठीवर माणूस घेण्याएवढी झाली होती.

आता जमुनाला चौदावं लागलं होतं. लुगड्याचा कासोटा घट्ट खोचायचा, कपाशीच्या पाठीवर घोंगडीची घडी टाकायची आणि एका उडीत वर. खोगीर नाही, रिकीब नाही. तिची विधवा आत्या गंगूबाई ओट्यावरून हात नाचवत ओरडायची, "अवं, सासरी गेल्यावर काय करशीन? सासूच्या पाठीवर बसशीन का घोंगडी टाकून?"

"सासू पयले दाखव तं खरी, आत्याबाई! पाठ कशी हाय ते पायतो."

जमुनाचे वडील खुशालराव माळी. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे. सालस माणूस, पण त्यांच्या तोंडून 'नाही' कधी निघालंच नाही. तो शब्द घशापर्यंत आला की त्यांना खोकला लागायचा. "म्हंजे... खों खों... तसं पाह्यलं तं... खों... बरं, घेऊन जा." मळ्यात मेथी खुडणाऱ्या जमुनाच्या कानावर घरातला खोकला पडला की ती ओंजळीतली जुडी आपटायची. गेली घोडी!

बाजारहाटाचं एक वेळ चालून जायचं. खरा वैताग लग्नसराईचा. कपाशी डफड्याला बुजत नसे, फटाक्याला बुजत नसे, म्हणून गावातला प्रत्येक नवरदेव तिच्याच पाठीवर. वरात घरोघरी थांबायची. दारातली बाई ताट घेऊन यायची, घोडीच्या पायांवर पाणी घालायची, नवरदेवाला कुंकू लावायची आणि घोडीच्या तोंडात गूळ-डाळ भरायची. मग पुढचं दार. मारोतीच्या देवळापर्यंत पोचेस्तोवर कपाशीच्या पोटात अख्ख्या गावाचा गूळ! नवरदेव बायको घेऊन मोकळा व्हायचा आणि जमुना चार दिवस कपाशीचं फुगलेलं पोट चोळत गोठ्यात बसायची.

त्या फाल्गुनात पाटील किसनराव आले. प्रत्येक वाक्याला शेवटी खिळा ठोकायची त्यांना सवय.

"खुशालराव, आमच्या सूर्यभानचं लगन हाय. जत्रा झाली का लगेच. कपाशी लागते. काय समजले?"

जमुना गोठ्यातून बाहेर आली. "तुमचा काळ्या हाय ना, काका. एवढा घोडा पोसून ठेवला."

"काळ्या डफडं आयकलं का दोन पायावर उभा रायते. पोरगा मांडवात जाईन का नालीत? काय समजले?"

खुशालरावांनी छातीवर हात ठेवला.

"बाबा, खोकू नका!" जमुना ओरडली. "मामानं घोडी मले देल्ली. मंग मले कोनी इचारत काहून नाई?"

"इचारतो ना बाप्पा," किसनराव गोड झाले. "बोल, देतं का?"

"नाई."

"पाय, इचारलं. खुशालराव, तं मंग पोट्टे कवा धाडू घोडी न्याले?"

ओट्यावरची सगळी मंडळी हसली. गंगूआत्यासुद्धा पदराआड हसली. जमुनाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते पाहून खुशालरावांनाही राहवेना. पण पाटलासमोर 'नाही' म्हणायचं तर पुन्हा खोकला. त्यांनी मधला रस्ता काढला.

"असं करू. चैती पुनवेच्या जत्रेत दौड हाय. पोरी, तू पयली आली तं कपाशी कोनाच्याच वरातीत जानार नाई. कोनाच्याच! नाई आली तं मुकाट्यानं द्याची, अन् परत तोंड चालवाचं नाई."

"सबद, बाबा?"

"सबद."

किसनराव मांडीवर थाप मारून हसले. तीन वर्षं दौड काळ्यानेच मारली होती, आणि स्वार तोच, नवरदेव सूर्यभान.

दौड नदीच्या डोहापासून सुटायची, शेतांमधल्या पांदणीने वेशीत शिरायची आणि मधल्या गल्लीतून थेट मारोतीच्या पारापर्यंत. जमुनाने दुसऱ्या दिवसापासून सराव धरलाच. दिवस उजाडायच्या आत, गावाची दारं बंद असताना, ती कपाशीला डोहावर न्यायची. लगाम सैल सोडून मानेवर वाकली की कपाशी अशी सुटायची, की लुगड्याचा पदर मागे सपसप वाजायचा. वेस यायची, गल्ली यायची, पार यायचा. सरकी आईच्या मागे धापा टाकत यायची. गंगूआत्याची बडबडही हळूहळू बंद पडली. एका सकाळी ती स्वतः भिजवलेले हरभरे घेऊन गोठ्यात आली आणि म्हणाली, "खाऊ घाल तिले. तुह्यासाठी नाई, घोडीसाठी देऊन राहिली."

जत्रेच्या दिवशी डोहावर आठ घोडी उभी. सूर्यभानच्या डोक्याला लग्नाचा नवा फेटा आत्तापासूनच.

"जमने, कपाशीले दमवू नोको. आठ दिवसानं मले बसाचं हाय तिच्यावर."

"कपाशीची शेपटी धरून ये मागून," जमुना म्हणाली.

सुटली दौड. पांदणीतच सहा घोडी मागे पडली. आंब्याच्या वळणावर काळ्याचा फेस जमुनाच्या पोटरीवर उडाला आणि तिथून पुढे काळ्या मागे पडून दिसेनासाच झाला. वेशीत शिरली ती एकटी कपाशी. पोरं भिंतींवर चढून किंचाळत होती. पार समोर दिसत होता. खुशालराव पारावर उभे राहून दोन्ही हात हलवत होते आणि आनंदाने खोकत होते.

एवढ्यात जमुनाच्याच घराचं दार उघडलं. ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात ताट घेऊन, गंगूआत्या गल्लीत उतरली.

"आली व माय! माही वाघीन आली!"

कपाशी थांबली. अशी थांबली, की जमुना तिच्या मानेवर जाऊन आदळली. मान खाली, उजवा पाय अंमळ पुढे. आता पाणी पडेल, मग गूळ मिळेल.

"चाल! अवं चाल ना व!" जमुना टाचा मारू लागली. कपाशीने कान हलवले, पाय नाही हलवला.

"थांब, कुकू तं लावू दे," आत्याचा जीव हरखला होता.

"आत्याबाई, ताट आंदर ने!"

"अवं, असं बिना पान्याचं नाई जाऊ देत!"

तिने पाणी घातलं. गूळ दिला. कपाशीने तो सावकाश चघळला आणि चार पावलं टाकली. तेवढ्यात शेजारच्या रुख्मिणीला वाटलं, आपणच कसं मागं राहायचं? तीही तांब्या घेऊन दारात. कपाशी पुन्हा उभी.

बाजूने काळ्या धूळ उडवत गेला. सूर्यभान हसून हसून वाकडा झाला होता. "बसून राय, जमने! मी पुढं जाऊन मांडव पायतो!"

संध्याकाळी जमुना गोठ्यात होती. गंगूआत्या दाराशी येऊन उभी राहिली, पदर चोळत. "मले काय मालूम... मी तं चांगल्यासाठीच..."

"चांगलंच केलं. लगन लागलं माहं, अन् तेही घोडीवर बसून."

रडावं की ओरडावं, तिला कळेना. राग आत्यावर धरावा, तर ती एवढंसं तोंड करून उभी. कपाशीवर धरावा, तर तिने गावानं शिकवलं तेच केलं. गुळाच्या प्रत्येक खड्यानिशी शिकवलं होतं, आणि जमुना मात्र बंद दारांच्या गल्लीत सराव करत बसली होती.

किसनराव माणसं घेऊन घोडी न्यायला आले, तेव्हा खुशालराव पहिल्यांदाच खोकले नाहीत. लेकीकडे पाहून हळूच म्हणाले, "सबद हाय, बाई."

जमुनाने स्वतः दावं सोडलं. "कपाशी न्या. पन सरकीवर सबद झाला नोता. सरकी कोनाच्या वरातीत जानार नाई. आज नाई, कवाच नाई. काय समजले?"

किसनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "समजले."

लग्नाच्या दिवशी डफडं घुमू लागलं. कपाशी मुंडावळ्या-झुलीत नटून, पाठीवर सूर्यभानला घेऊन, एकेक दार करत येत होती. जमुना अंगणात सरकीला खरारा करत पाठमोरी उभी राहिली. बघायचंच नाही.

मग तिच्या हाताखाली काहीतरी हललं. सरकीने कान टवकारले होते. डफड्याच्या ठेक्यावर तिचा पुढचा पाय उचलत होता, टेकत होता, पुन्हा उचलत होता. ओट्यावरून गंगूआत्या ताट घेऊन वरातीकडे निघाली, तशी सरकीने मान खाली घातली आणि उजवा पाय पुढे टाकला.

"तू पन?" जमुनाने खरारा फेकला. "तू पन, रांडे?"

तिने सरकीचं दावं हिसडून सोडलं, घोंगडीही न टाकता उडी मारली आणि परसातून बाहेर पडली. गल्लीकडे नाही. मळ्याच्या बांधाने, उन्हातान्हात, जिथे दूरवर नुसती काळी नांगरट पसरली होती आणि एकही दार नव्हतं. डफडं मागे ऐकू येत होतं, आणि ते पार बंद होईस्तोवर तिने सरकीला थांबू दिलं नाही.