'इन्सफिशंट' म्हणजे मेला नव्हे

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे रागानेच लिहितोय.

सापगावच्या शेवंतावहिनींनी लढाईवर गेलेल्या नवऱ्याला पाठवलेले पत्र आज सकाळी परत आले. वर लाल इंग्रजी शिक्का. एका पेन्शनर कारकुनाने तो पाहून ऐटीत सांगितले, "गेला गो तुझा धर्मा!"

मी पोहोचेपर्यंत बायकांनी वहिनींच्या बांगड्या फोडल्या होत्या.

शिक्का होता 'इन्सफिशंट', म्हणजे अपुरा. पत्ता अपुरा! इंग्रजी येत नव्हते तर गप्प बसायचे. आणि पत्ता लिहिणारा मीच. प्रत्येक अक्षर तपासले, पण पलटणीचा नंबरच विचारला नाही.

अर्थ सांगितला तेव्हा वहिनींनी विचारले, "म्हंजे मेला नाय ना, भाऊजी?"

"शिक्का तसे म्हणत नाही," एवढेच मला सांगता आले.

धर्माच्या पलटणीत कुणाचा माणूस आहे का? नंबर नक्की ठाऊक असेल तरच सांगा. अंदाजाने सांगणाऱ्याला दारात उभे करणार नाही.